माझ्या गुडघ्यांचं दुखणं

१२ नोव्हेंबर, रविवार

आज टेकले नाहीत. गुडघे.

पापकबुलीची वेळ आली, पाळक म्हणाले, "आपण नम्र होऊ या." सगळी मंडळी बाकांवरून खाली जमखान्यावर गेली आणि मी बाकावर तशीच बसून राहिले. ठरवलं वगैरे काही नव्हतं. पुढच्या बाकाला हातसुद्धा धरला होता खाली जायला. पायांनी ऐकलं नाही. पायांनी कशाला, मीच ऐकलं नाही. उगीच पायांवर कशाला ढकलू?

वरून सगळ्यांच्या पाठी दिसतात. पदर, टकलं, कुणाच्या शर्टाची उसवलेली शिवण. बावीस वर्षं या चर्चमध्ये येते, हे कधी बघितलं नव्हतं, कारण मीही खालीच असायचे. बाहेर दिवाळीचे फटाके चालले होते, त्यामुळं पाळकांची अर्धी प्रार्थना ऐकूच आली नाही. बरं झालं.

सुटल्यावर फाटकाशी पाळकबाईंनी गाठलंच. पाळकांची बायको म्हणजे मंडळीचा सीसीटीव्ही. "सलाम वैजयंतीबाई. आज बसूनच होता की. गुडघे दुखायलेत का?"

मी म्हणाले, "हो."

एका 'हो'मध्ये काम भागलं. नाहीतर काय सांगणार होते — काल माझ्या लेकीला, मारियाला, जाऊन आठ आठवडे झाले, आणि ज्याच्यापुढं टेकायचं त्याच्याशी मी बोलत नाही?

१३ नोव्हेंबर, सोमवार

तेल आलं. महिला मंडळाकडून. लसूण घालून कढवलेलं. घरभर वास सुटलाय. मारिया असती तर नाक धरून गॅलरीत पळाली असती. एकोणीस वर्षांची घोडी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि लसणाचा वास सहन होत नाही म्हणे. पेशंटचं सगळं काढायची, लसूण नको!

बाटली मोरीत ठेवली.

१९ नोव्हेंबर, रविवार

मला खुर्ची मिळाली. शेवटच्या ओळीत, भिंतीला लागून, प्लॅस्टिकची, वर उशी घातलेली. गुडघे गेलेल्यांची ओळच आहे तिथं — चार म्हाताऱ्या, एक रिटायर मास्तर, आणि आता सेहेचाळिसाव्या वर्षी मी. पाळकबाई स्वतः हाताला धरून घेऊन गेल्या. मी लंगडले थोडं. हो, लंगडले. एकदा खोटं बोललं की त्याला चालवावंही लागतं.

तिथून अभिमन्यू दिसतो. माझा नवरा. तोंडावर 'अहो', इथं नाव लिहिते, वहीला कोण विचारतंय. तो मंडळीचा पंच आहे. आमच्या चर्चची पद्धत अशी की पापकबुलीला आधी पंच पुढं जाऊन टेबलासमोर गुडघे टेकतो, मग बाकीचे. तो टेकल्याशिवाय कुणी टेकत नाही. मग पाळक गप्प होतात आणि पाच मिनिटं मूक कबुली. ज्याचं त्यानं मनात.

मला मागून त्याचे तळवे दिसतात फक्त. डाव्या मोज्याला भोक पडलंय. त्या तळव्यांकडं बघून मला इतका राग येतो, इतका राग येतो. मारियाला पुरलं, आणि त्याच्या पुढच्याच रविवारी हा सगळ्यांच्या आधी खाली! न चुकता. एक रविवार सुटला नाही. पाच मिनिटांनी उठतो, पँटीची धूळ झाडतो, घरी येऊन जेवतो. माणूस आहे की लाकूड? माझ्याशी बोलत नाही, देवाशी मात्र सगळं नीट चाललंय.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

अभिमन्यूनं मशीनला मोटर बसवली.

मी घरी टॉवेल शिवते. कारखान्यातून गठ्ठे येतात, काठ दुमडायचे, शिवण मारायची, गठ्ठे परत. पायमशीन आहे, आईची. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक, हाताला कळतं त्याच्या. आज डेपोतून येताना मोटर घेऊन आला आणि कपडेही न बदलता मशीनखाली आडवा झाला.

"कशाला उगीच?" मी म्हणाले.

"दुखतात ना," तो म्हणाला. मशीनखालूनच. तोंड दिसलं नाही.

आता पाय मारावा लागत नाही. घुर्र करून काठ पुढं सरकतो. पायांना काम नाही, डोक्याला सगळा वेळ. आधी पाय थकायचे तेव्हा निदान झोप लागायची. त्याला सांगावं का, काढ ती मोटर, माझे गुडघे धडधाकट आहेत, मी तुझ्या देवावर रुसलेय? नाही सांगितलं. बसवून झाल्यावर त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच हात धुवायला गेला.

२६ नोव्हेंबर, रविवार

आजचं प्रवचन गुडघ्यांवर. माझ्याकडं बघून नव्हतं म्हणे. पाळक म्हणाले, उभा माणूस देवाशी वाद घालतो, बसलेला माणूस देवाला सल्ला देतो, गुडघ्यावर आलेला माणूसच फक्त मागतो. आणि जो मागतो त्याला मिळतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मला उठून विचारावंसं वाटलं — पाळकसाहेब, मी काय उभी राहून मागितलं होतं?

लहानपणी मी आप्पांना विचारलं होतं, उभ्यानं प्रार्थना केली तर चालत नाही का? आप्पा, माझे वडील, माढ्याला शाळामास्तर. कुठल्याही प्रश्नाला आधी चष्मा पुसायचे. म्हणाले, चालतं की. पण गुडघ्यावर बसलेल्या माणसाला पटकन उठून पळता येत नाही. मी इथंच आहे, तुला सोडून कुठं जात नाही, असं देवाला अंगानं सांगायचं असतं. मला लई पटलं होतं ते. पुढं मारियाला मी तसंच सांगितलं.

पटकन उठून पळता येत नाही. तेच तर झालं, आप्पा.

लिहून टाकते एकदा. कुणाला सांगितलेलं नाही.

मारियाला डेंग्यू होता. चौथा दिवस. वॉर्डात एका पेशंटजवळ एकच नातेवाईक, एकच पास. सोळा सप्टेंबर, संध्याकाळचे साडेपाच. तिचा ताप उतरला होता, मला वाटलं बरी होतेय. पास अभिमन्यूच्या हातात दिला, म्हणाले, "दहा मिनिटांत येते, प्रार्थना करून." जिन्याखाली गेले. तिथं फरशी पुसायच्या बादल्या होत्या, त्यांच्यामागं कुणी बघत नव्हतं. टेकले.

दहाची चाळीस मिनिटं झाली. कळलंच नाही. खरं सांगू? इतकी चांगली प्रार्थना माझ्याकडून आयुष्यात झाली नव्हती. शब्द आपोआप येत होते. शेवटी शेवटी एकदम शांत वाटलं, कुणी डोक्यावर हात ठेवल्यासारखं. मला खात्री पटली, ऐकलं त्यानं. उठले तर पायांना मुंग्या, भिंत धरून जिना चढले. चढताना मी हसत होते. वॉर्डाच्या दारात अभिमन्यू उभा. म्हणाला, "गेली."

मी शांत झाले तेव्हाच ती गेली असणार. तो हात कुणाचा होता मग?

त्याच रात्री अभिमन्यू म्हणाला, "मी होतो जवळ. तिचा हात माझ्या हातात होता. शांत गेली." तेवढं एकच आहे माझ्याकडं धरून ठेवायला. पोरगी एकटी नव्हती. आई नव्हती, पण बाप होता. हे नसतं तर मी कधीच डोकं फोडून घेतलं असतं. आणि ह्याच गोष्टीचा मला त्याच्यावर रागही आहे. त्याला तो हात मिळाला. मला बादल्या.

३ डिसेंबर, रविवार

गेले. बसले. आले.

१० डिसेंबर, रविवार

माझ्या शेजारच्या खुर्चीवर निंगव्वा बसते. अक्कलकोटकडची, कानडी, ऐंशी तरी पार. मूक कबुली चालू झाली की ही रडते. आवाज नाही, नुसतं पाणी. आज मी विचारलं, काय होतं?

"यव्वा, सारी उमर टेकले. आता ही लाकडं वाकत न्हाईत. पाळक म्हणतो, मनानं टेक. मन कुटं गुडघ्यावानी वाकतंय?" मग मला विचारलं, "तुजं कवापासनं?"

"सप्टेंबरपासून."

"डागदर काय म्हणला?"

"इलाज नाही म्हणाले."

हे काही अगदीच खोटं नव्हतं. निंगव्वानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिची बोटं वाकडी झालीत सगळी. म्हणाली, "मी रोज म्हणते त्याला, माजं ऱ्हाऊ दे, लई वापरून झालं. ह्या तरण्या बाईचं बरं कर."

मला तिच्याकडं बघवेना. जिला खरंच टेकायचंय तिला येत नाही, आणि मला येतं तर मी टेकत नाही. मी चोर आहे. म्हातारीची प्रार्थना चोरून खातेय.

२५ डिसेंबर, सोमवार

नाताळ. करंज्या नाहीत, तारा नाही. दरवर्षी शेजारच्या यास्मीनकडं आपण ताट पाठवतो. यंदा तिनंच डबा आणून दिला आणि दारातूनच परत गेली. अभिमन्यू चर्चला गेला. मी गुडघ्यांचं निमित्त सांगून घरी. दिवसभर टॉवेल. शंभरावर झाले असतील.

ती नसताना जगायला आणखी किती नाताळ आहेत कोण जाणे. सगळे असेच असतील तर मला नकोत.

७ जानेवारी, रविवार

आज हद्द झाली.

महिला मंडळाची साखळी प्रार्थना असते — वही फिरते, प्रत्येकीनं दिवसातला एक तास घ्यायचा, ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव वर. नव्या वर्षाची साखळी माझ्या गुडघ्यांसाठी धरलीय. पाळकबाईंनी कौतुकानं वही दाखवली. पान उलटलं तर मागच्या पानावर 'मारिया, डेंग्यू'. तेच अक्षर, त्याच निळ्या पेननं. तिच्या पुढच्या पानावर 'वैजयंतीबाई, दोन्ही गुडघे'. मधे काही झालंच नाही जणू.

मग मला खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांनी हात ठेवले. दोन गुडघे आणि आठ बायका. जागा पुरेना. एकीचा हात घोट्यावर होता. एक जण मोठ्यानं म्हणत होती, प्रभू, हाडांत जा, सांध्यांत जा! मला हसू येत होतं आणि त्याच्याखाली हंबरडा होता, कुठलं आधी बाहेर पडेल ते कळत नव्हतं. ओठ आवळून बसले. त्यांना वाटलं प्रार्थना करतेय.

वाईट नाहीत ह्या बायका. खरंच नाहीत. माझ्यासाठी उपास करायलेत. एखादीनं निदान रागावून तरी विचारावं, बाई, तू टेकत का नाहीस? तेवढं कुणी विचारत नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

 हे आजच लिहून ठेवते.

गड्ड्याच्या मैदानावर गेले होते. जत्रेला नव्हे, कारखानदाराचा टॉवेल-चादरींचा स्टॉल आहे तिथं, नॅपकिनचा गठ्ठा पोचवायचा होता. दुपारची वेळ, ऊन, पाळण्यांचा गोंगाट. परत फिरले तर एका बाईनं दंड धरला. बुरखा वर केलेला, बरोबर नातू.

"तुमी त्या मारियाची आई ना? मी इमामबी. वॉर्डात आया होते की. आता सोडलं काम."

मला चेहरा आठवला. चादरी बदलायला यायची.

ती म्हणाली, "लई याद येती पोरीची. मलाच म्हणायची, मावशी, बसा जरा, पाय सुजलेत तुमचे. स्वतः एवढी आजारी, आणि माझे पाय बघायची." मग नातवाला जवळ ओढत म्हणाली, "शेवटाला मीच होते ना जवळ. डोळे मिटलेले, 'आई' म्हणून हात पुढं केला. मी धरला. म्हणलं, हाय बेटा, आईच हाय हितं. खोटं बोलले बाई, माफ करा. पण करणार काय, कुणीच न्हवतं."

मी म्हणाले, "तिचे वडील होते."

"न्हाई हो. खुर्ची रिकामी होती. सिस्टरला मीच हाक मारली. सगळं झाल्यावर बाहेर येऊन बघते तर ते खालनं वर यायले होते. हातात चहाचा कप."

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक तिचे हात धरले. ती नातवाला घेऊन पाळण्याकडं गेली.

म्हणजे तो नव्हता. हातात हात, शांत गेली — सगळं रचलेलं. चार महिने ज्याला धरून मी जिवंत आहे ते रचलेलं.

१७ जानेवारी, बुधवार

विचारलं नाही. त्यानं भाकरी खाल्ली, कालवण चांगलं झालंय म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. खोटं बोललेलं तोंड असं दिसतं तर. नेहमीसारखंच.

१९ जानेवारी, शुक्रवार

पोरीनं आई समजून दुसऱ्या बाईचा हात धरला. देव इमामबीचं भलं करो — कुठला देव, माहीत नाही. दिवसातून दहा वेळा हे मनात येतं आणि दर वेळी जीव नकोसा होतो. तिला शेवटी आई मिळाली, फक्त ती मी नव्हते.

२० जानेवारी, शनिवार

ठरलं. उद्या विचारणार. घरात नाही. घरात तो हात धुवायला जातो. चर्चमध्ये, मूक कबुलीच्या वेळी, तो पुढं गुडघ्यावर असताना, सगळ्यांसमोर. अहो पंच, सोळा सप्टेंबरला कुठं होतात? सांगा मंडळीला. मला चार महिने जगायला काय खोटं दिलंत तेही सांगा. मग खुशाल टेका.

होऊ दे तमाशा. तसंही आमच्यात आता काय उरलंय?

२१ जानेवारी, रविवार

सगळे खाली गेले तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि मधल्या वाटेनं चालत निघाले. लंगडले नाही. टेबलापाशी जाऊन वळले. टेकलेला असताना त्याला पहिल्यांदाच पुढून बघितलं. डोळे उघडे. उजव्या हाताची मूठ तोंडात कोंबलेली, दात रुतलेले, मनगटापर्यंत ओली. ओठ हलत नव्हते. तो काही मागतच नव्हता.

 तिथंच, त्याच्यासमोर, मी गुडघ्यांवर आले.

मागून कुणीतरी हालेलूया म्हणालं. मग सगळेच. पाळकबाई रडत ओरडल्या, बरे झाले, गुडघे बरे झाले! पाळकांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. साक्ष द्या, बहिणी.

मी म्हणाले, "माझे गुडघे कधी दुखलेच नाहीत. माझी मुलगी गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते."

पुढचं विचारायचं होतं, ते विचारलं नाही.

अभिमन्यूनं तोंडातून मूठ काढली. पाळकांच्या हातातला माईक स्वतःकडं ओढला. त्याला काहीच माहीत नव्हतं — इमामबी मला भेटली हेही नाही.

"मीपण नव्हतो," तो म्हणाला.